बाहुलीचें लुगडें

बाहुल्यांचा नाद म्हणजे पोरखेळ, आणि तोही केवळ मुलींचा, अशी समजूत आपल्याकडे अद्याप दृढ आहे. मुलगा क्रिकेटमागें सबंध दिवस घालवूं लागला तर त्याचें कौतुक होतें. तोच हातीं सुई घेऊन वीतभर बाहुलीचा सदरा शिवूं लागला तर वडिलांच्या कपाळीं आठी पडते. आमच्या मतें ही आठी अस्थानीं आहे.

चिनी मातीची लहान बाहुली घडते कशी, हें प्रथम पाहावें. केओलीन, फेल्डस्पार व गारगोटीची पूड पाण्यांत कालवून सायीसारखा घोळ करितात आणि तो प्लास्टरच्या साच्यांत ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतें, साच्याच्या आंतून मातीचा पातळ थर धरतो, व उरलेला घोळ ओतून काढतात. मग तें नाजूक मस्तक वाळवून, सांध्याची रेघ खरवडून, १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या भट्टींत भाजतात. भाजतांना तें आक्रसतें. म्हणून साचा मुळांतच मोठा हवा. गाल व ओठ रंगविले कीं पुन्हा मंद आंचेची भट्टी. ओठाची रेघ केसाइतकी चुकली, तरी हसरें मुख रुसकें होतें.

परंतु खरी परीक्षा वस्त्रांची. अशा बाहुल्यांचें रूढ प्रमाण फुटास एक इंच असें आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठीं १९२१ ते १९२४ या काळांत बांधलेलें प्रसिद्ध बाहुलीघर याच प्रमाणाचें. त्याचे शिल्पकार लट्यन्स हे त्याच सुमारास नवी दिल्लीही उभारीत होते! आतां आपल्या बाहुलीस नऊवारी लुगडें नेसवावयाचें आहे असें समजा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचा बारावा हिस्सा २७ इंच. ४८ इंचांचा पन्हा ४ इंचांचा झाला. गणित सुटलें, पण लुगडें नेसवितां येत नाहीं. कारण लांबी-रुंदी बारांनीं भागली, तरी सुताची जाडी कोण भागणार? दोन-अडीच इंचांच्या कमरेभोंवतीं निऱ्यांचें गाठोडें होतें. शिवाय एवढ्याशा कापडास वजन नसल्यामुळें तें खालीं पडत नाहीं, छत्रीसारखें फुलून राहतें. म्हणून निऱ्या ओल्या करून, टांचण्यांनीं पुठ्ठ्यावर बसवून वाळवाव्या लागतात, आणि आंत दडणारा भाग कमी करावा लागतो. कांहीं शौकीन यास लबाडी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. डोळ्यांस जें दिसतें तें खरें उतरावें यासाठींच ही काटछांट आहे.

येथें एक गोष्ट पालकांच्या कानीं घालावीशी वाटते. जर्मनींत थुरिंजिया प्रांतांत सोन्नेबर्ग नांवाचें गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या आरंभीं तेथून जगभर बाहुल्या जात. १९०१ सालीं स्थापन झालेलें खेळण्यांचें संग्रहालय तेथें आजही आहे. त्या परिसरांत मस्तकें कारखान्यांत होत, पण शिवणकाम पुष्कळसें गरिबांच्या घरीं चाले. आईबापांबरोबर लहान मुलेंही शाळा सुटल्यावर रात्रीपर्यंत टांके घालीत, आणि मजुरी अत्यल्प. लंडन-न्यूयॉर्कच्या मुलींचा जो खेळ, तो या मुलांच्या डोळ्यांचा व झोपेचा प्रश्न होता. सुई एकच, पण घाई दुसऱ्याची असली कीं छंदाची वेठ होते.

हीच वेठ आम्हांस हल्लीं प्रदर्शनांच्या निमित्तानें घरोघरीं दिसते. बक्षिसासाठीं मुलांस जागवूं नये. आणि आदल्या रात्रीं आईनें शिवलेली बाहुली शिक्षकांस ओळखूं येत नाहीं, असेंही कोणी समजूं नये! मुलाच्या हातची वांकडी दुमड आम्हांस अधिक मोलाची वाटते. जिनें एका चोळीवर दोन संध्याकाळ घालविल्या, ती मुलगी बाजारांत स्वस्त बाहुली पाहून ‘ही कोणी शिवली?’ असें विचारल्यावांचून राहत नाहीं.

ज्यांस आरंभ करावयाचा असेल, त्यांनीं सबंध बाहुली डोळ्यांपुढें ठेवूं नये. अनेकदां धुवून मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा व मिळेल ती सर्वांत बारीक सुई घ्यावी, आणि दीड इंच लांबीची एक बाही शिवावी. उलटून सुलटी करितांना ती बहुधा उसवेल. मग दुसरी शिवावी.