मुलाच्या पासपोर्टची मुदत

व्यापारी घराण्यात हुंडीची मुदत कोणी विसरत नाही. उधारीची तारीख वहीत असते, विम्याचा हप्ता ध्यानात असतो, दुकानाच्या परवान्याचे वर्ष मुनीमजींनाही पाठ असते. तरीही परदेशी स्थिरावलेल्या कुटुंबाच्या हिशेबातून एक तारीख वारंवार निसटते. ती म्हणजे लहान मुलाच्या पासपोर्टची. प्रौढ भारतीयाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. अज्ञान मुलाचा मात्र पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच चालतो. आईवडील स्वतःच्या पुस्तिकेवरील तारीख पाहून निश्चिंत राहतात आणि त्याच कपाटातील मुलाची पुस्तिका मुदतबाह्य होऊन जाते.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावातून निघालेले एखादे कुटुंब दुबईत वा सिंगापुरात व्यवसाय करीत असेल, तर या विसराची किंमत पैशांत मोजता येत नाही. गावाकडे आजी अंथरुणाला खिळल्याचा निरोप येतो, तिकिटे काढायला घेतली जातात आणि तेव्हा कळते की नातवाचा पासपोर्ट दोन महिन्यांपूर्वीच संपला आहे. भारतीय दूतावास अशा वेळी आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. पण ते केवळ भारतात येण्यापुरते असते, परतीसाठी नवा पासपोर्ट लागतोच. मग एकाने जायचे आणि दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचे, असा निर्णय घरात घ्यावा लागतो. आजीची आणि नातवाची भेट राहून जाते, ती कायमची.

बोलीत ‘नूतनीकरण’ म्हटले जात असले तरी भारतीय नियमांत जुन्याच पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट पुन्हा निर्गमित होतो. म्हणजे पुस्तिका नवी आणि क्रमांकही नवा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. परदेशी राहणाऱ्यांनी तो त्या देशातील भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे करावयाचा असतो. बहुतेक ठिकाणी कागद स्वीकारण्याचे काम नेमलेल्या खाजगी केंद्राकडे असते. मुलाचा मूळ पासपोर्ट, आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती, तेथील वास्तव्याचा पुरावा, नियमानुसार काढलेले छायाचित्र आणि ‘जोडपत्र ड’ या नावाचे आईवडिलांचे संमतिपत्र, एवढी तयारी सामान्यतः लागते. सिंगापूरसारखे अनेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असल्याचे पाहतात. त्यामुळे छापील तारखेच्या सहा महिने आधीच मुदत संपली, असे धरून चालणे शहाणपणाचे.

अर्ज अडतो तो बहुधा परदेशी कार्यालयात नव्हे, तर गावाकडच्या कागदांत. जन्माची नोंद कुटुंब राहते तेथे होत नसून जन्म जेथे झाला तेथे होते. सून बाळंतपणासाठी इंझोरीला असली आणि प्रसूती कारंज्याच्या रुग्णालयात झाली, तर दाखला कारंजा नगरपरिषदेचा असतो, इंझोरी ग्रामपंचायतीचा नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जाईल, असा नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला आहे. तेव्हा दाखल्यावरील एकेका अक्षराला महत्त्व आले आहे. जैन कुटुंबांत तर ही अडचण अधिकच संभवते. एका कागदावर आडनाव ‘जैन’, दुसऱ्यावर कुळाचे. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव, मुलाच्या दाखल्यावर सासरचे. त्यात वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी इंझोरीत जन्मलेल्या आईवडिलांच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला आढळतो. असे भेद निस्तरण्याचे काम गावी असलेले आजोबा किंवा काका निवांतपणे करू शकतात. दाखल्यात बाळाचे नाव घालणे राहिले असेल तर पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क घालता येते.

दुसरा नाजूक भाग दोन सह्यांचा. आई आणि वडील दोघांचीही संमती अपेक्षित असते. वडील मालखरेदीसाठी दुसऱ्या देशी गेलेले असले, की साधी सहीदेखील दुर्मीळ होते. पतिपत्नींत बेबनाव असेल तर प्रश्न अधिक कठीण होतो. अशा वेळी एकाच पालकाने द्यावयाचे ‘जोडपत्र क’ उपलब्ध आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीला अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जावयाचे होते. अर्ज आईने केला होता, वडिलांनी संमती नाकारली होती. केवळ तेवढ्या कारणाने मुलीला पासपोर्ट नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. परदेशप्रवासाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग आहे आणि तो मुलांनाही आहे. मोठ्यांच्या वादात त्याचा बळी जाऊ नये, हाच त्या निर्णयाचा आशय.

परदेशातच जन्मलेल्या मुलाचा विचार वेगळा करावा लागतो. भारतीय नागरिकत्वासाठी त्याच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावयाची असते आणि त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट काढला, तर भारतासाठी ‘ओसीआय’ कार्ड घेतले जाते. २०२१ पासून वीस वर्षांच्या आतील मुलाचे हे कार्ड प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर बदलावे लागत नाही. मात्र नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजे छायाचित्र तीन महिन्यांच्या आत संकेतस्थळावर चढवावे लागते.

नवी पुस्तिका हाती आली म्हणजे काम संपले असे नाही. क्रमांक बदललेला असल्याने निवास परवाना, शाळा आणि विमा येथे तो कळवावा लागतो. रद्द केलेल्या जुन्या पुस्तिकेत एखादा व्हिसा अद्याप जिवंत असेल, तर ती टाकून न देता नवीसोबत बाळगावी लागते.

दिवाळीत वहीपूजन होते, नव्या चोपड्या उघडल्या जातात. त्या दिवशी एका पानावर घरातील प्रत्येक मुलाचे नाव आणि त्याच्या पासपोर्टची अखेरची तारीख लिहावी. तेच पान इंझोरीत असावे, तेच दुबईतही असावे. नातवाने सुटीत गावी यावे आणि आजोबांचे बोट धरून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे, अशी इच्छा ज्या घरात आहे, त्या घराने एवढी एक ओळ वहीत अवश्य लिहावी.