वास नेमका कशाचा येतो?

परवा भाच्याने पुण्यात कोरियन हॉटेलात जेवायला नेलं. तो एमआयडीसीत नोकरीला आहे, साहेब लोक कोरियन. "मामा, एकदा खाऊन तर बघा," म्हणाला. म्हटलं, चल.

साधंच हॉटेल. टेबलावर स्टीलच्या काड्या आणि लांब दांड्याचा चमचा. ऑर्डर दिली आणि मुख्य जेवणाआधीच पाच-सहा छोट्या वाट्या आल्या. किमची, मुळा, पालक, सोयाबीनचे मोड. याला बांचान म्हणतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत, संपलं की परत मागायचं. आपल्या पंगतीत वाढपी चटणी-कोशिंबीर घेऊन फिरतो, तसंच. मग बिबिंबाप आलं. भातावर भाज्या, अंडं आणि आंबवलेली तिखट लाल चटणी. सगळं कालवून खायचं.

किमचीला वास असतो, उग्र असतो. कोबी, लसूण, मिरची आणि बहुतेक वेळा खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासे. आपल्या जवळ्याची चुलत बहीणच म्हणा. तिकडे हिवाळ्याआधी घरचे-शेजारचे मिळून किमची घालतात, जशा आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया होतात. दक्षिण कोरियाच्या या रीतीला २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

आता मुद्द्याचं. जेवताना भाच्याने सांगितलं, महिनाभर तो भाड्याने फ्लॅट शोधतोय. एका ठिकाणी भाडं, डिपॉझिट सगळं ठरलं, मालकही तयार. मग सोसायटीच्या कमिटीने आधी आडनाव विचारलं, नंतर "खाणं काय?" पोरगं खरं बोललं. रविवारी मटण, कधीमधी सुकट. उत्तर आलं, "नॉनव्हेज चालत नाही. वास येतो."

त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्याचे कोरियन साहेब राहतात. त्यांच्या फ्रिजमध्ये किमची आहे, डुकराचं मांसही आहे. तिथं कुणाला वास येत नाही, कारण चढं भाडं कंपनी भरते.

एखाद्या शाकाहारी माणसाला शेजारच्या मासळीचा त्रास होतो, हे मी खोटं म्हणत नाही. पण मग नियम सगळ्यांना एकच लावा. साहेबाची किमची चालते आणि कामगाराची सुकट चालत नाही, तर अडचण नाकाची नाही. आडनाव आधी का विचारलं, हे त्या कमिटीलाही माहीत आहे.

कोणी म्हणेल, सोसायटीचा अधिकार आहे. आपल्या राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून बघा. फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही, संस्थेला कळवावं लागतं. त्यामुळे कोणी अडवलं तर एकच करा. "कारण लेखी द्या" म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बरेच जण गप्प बसतात.

ज्या जमिनींवर एमआयडीसी उभी राहिली, त्या याच पोरांच्या आजा-बापांच्या होत्या. आता त्यांना तिथंच खोली मिळू नये?

कोरियन साहेबांवर माझा राग नाही. त्यांना घर मिळालं, चांगलंच झालं. त्यांच्या हॉटेलात आम्हाला कोणी आडनाव विचारलं नाही. वाटी रिकामी दिसली की फक्त विचारलं, "अजून देऊ का?"

तुमच्या सोसायटीत काय चालतं? लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा.