राबणाऱ्यांच्या कमरेचा विचार

दिवाळी उलटली की पाटोदा तालुक्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा हिशेबाने मुकादमाकडून उचल घेऊन लोक पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. तेथे पहाटेपासून वाकून ऊस तोडावयाचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढावयाचे, आणि एक दिवस अंग टाकले तर खाड्याचा दंड सोसावयाचा! बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर इ. स. 2019 मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा आपण सर्वांनी फडावरील व्यवस्थेस दोष दिला, आणि तो योग्यच होता.

परंतु आपल्या स्वतःच्या बांधाआड काय चालते? सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, पडीची असते, पाण्याच्या साधनाची असते. राबणाऱ्याच्या कमरेची नोंद कोठेच नसते. मजूर दुपारनंतर मंदावला की आपण त्यास आळशी म्हणतो. वास्तविक आळस अंगात नसून पुष्कळदा हत्यारात असतो.

खुरपणीचेच पाहा. आखूड मुठीचे खुरपे घेऊन बाई दिवसभर उकिडवी बसून पुढे सरकते. दोन ओळींमधील तण सायकल कोळप्याने उभ्याने निघते. मग खुरप्यास फक्त ओळीतील तण उरते. मात्र कोळप्याची मूठ चालविणाराच्या कमरेच्या सुमारास यावी. पुरुषाच्या उंचीने बसविलेली मूठ बाईच्या हाती दिली, तर कमरेचे दुखणे खांद्यावर जाते, इतकेच. कापणीस दातेरी वैभव विळा घेतल्यास मनगटास झटके कमी बसतात.

ओझ्याचीही तीच कथा. प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाचे ओझे 55 किलोंहून अधिक नसावे, व स्त्रियांचे त्याहून पुष्कळ कमी असावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इ. स. 1967 मध्येच केली. सोयाबीनचे पोते दाबून भरले म्हणजे ही मर्यादा सहज ओलांडते. दोन पोत्यांची तीन केली तर एका रिकाम्या पोत्यापलीकडे खर्च तो कोणता?

मळणी यंत्राविषयी तर हयगय नकोच. इ. स. 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला, तो अशा यंत्रांत हात गेल्यामुळेच. पेंढी सारण्याचे तोंड व पट्टा पत्र्याने झाकलेला असावा, उभे राहण्याची जागा सपाट असावी, पदर व उपरणे खोचलेले असावे, आणि थकलेल्या माणसास रात्री यंत्राच्या तोंडाशी उभे करू नये.

कोणी म्हणतील, मजुरी रोजाने देतो, हत्यारही आम्हीच का द्यावे? बैलाच्या खांद्यास जू लागून जखम झाली तर आपण जू बदलतो. बैलास हत्यार स्वतः आणावयास सांगत नाही. माणसाच्या बाबतीतच हा न्याय का फिरावा?

आपल्या संस्थेने प्रत्येक गावी दोन-तीन सायकल कोळपी भाड्याने ठेवावी, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून स्त्रियांच्या कामाची साधने मागवून येत्या हंगामापूर्वी प्रात्यक्षिक घ्यावे. आपल्या माणसांस फडावर माणुसकीने वागवावे, अशी मागणी करण्याचा अधिकार आपल्यास आपल्या शेतातूनच मिळेल.