स्वप्नात गिऱ्हाईक नेहमी 'हो'च म्हणतं!



या आठवड्याच्या व्हिडिओत झोप आणि धंदा यावर बोललो, पण एक विषय वेळेअभावी राहून गेला. तो म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग. झोपेतच 'अरे, हे स्वप्न चाललंय' असं कळणं आणि जमलं तर त्या स्वप्नाला आपल्याला हवी तशी दिशा देणं. हल्ली 'झोपेत सेल्स प्रॅक्टिस करा', 'स्वप्नातून यश खेचून आणा' अशा थाटाचे कोर्स विकले जातात आणि बरेच जण मला विचारतात, "सर, पैसे भरू का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. ल्युसिड ड्रीमिंग खरं आहे. पण धंदा वाढवायला ते घेऊ नका.

खरं आहे, हे कशावरून?

डोळे आपल्याला हवे तसे हलवता येतात, झोपेतसुद्धा. ठळक स्वप्नं पडतात त्या 'रेम' झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात, पण डोळे हलतात. याचाच फायदा घेऊन १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या माणसाकडून झोपेतून खूण मिळवली. स्वप्न आहे हे कळलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवायचे, असं आधीच ठरलं होतं. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. २०२१ मध्ये तर संशोधकांनी झोपलेल्या माणसाला 'आठातून सहा गेले किती?' असं विचारलं आणि त्यानं डोळे दोनदा हलवून उत्तर दिलं! प्रत्येक वेळी असं उत्तर आलं नाही, पण काही वेळा आलं, हे नक्की. त्यामुळे याला थोतांड म्हणू नका.

मग प्रॅक्टिसचं काय?

२०१० मध्ये डॅनियल एरलाखर आणि मायकेल श्रेडल यांनी एक साधा प्रयोग केला. नाणं कपात टाकायचं, बस्स. २० जणांना सांगितलं की स्वप्नात याचा सराव करा. जमलं फक्त ७ जणांना. त्या ७ जणांचा नेम सकाळी खरोखर सुधारला, बाकीच्यांचा नाही.

कोर्सवाले एवढंच सांगतात. पण नाणं आणि गिऱ्हाईक यात फरक आहे की नाही? नाणं टाकणं हे हाताचं काम. विक्री ही दोन माणसांमधली गोष्ट.

माझाच अनुभव सांगतो. काही महिने उशाशी वही ठेवून मी स्वप्नं लिहीत होतो. एका पहाटे स्वप्नात कोटेशन वाचत होतो, तर प्रत्येक वेळी बघितलं की आकडा वेगळा! तिथंच कळलं, हे स्वप्न आहे. म्हटलं चला, समोर गिऱ्हाईक बसलंय, भाव वाढवून बघू. मी दर सांगितला, तो 'हो' म्हणाला. अजून वाढवला, तरी 'हो'. ॲडव्हान्स मागितला, तोही काढून दिला. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण उठल्यावर वहीत लिहायला काहीच नव्हतं. कारण तो गिऱ्हाईक माझ्याच डोक्यातून आला होता. मला माहीत नाही ते त्याला कुठून माहीत असणार?

आपल्याकडे म्हणतातच, मनी वसे ते स्वप्नी दिसे. बाजार मात्र आपल्या मनात वसत नाही. तो दुकानाच्या पायरीखाली उतरल्यावर दिसतो.

खरी किंमत पैशाची नाही, झोपेची

ल्युसिड स्वप्नं पडावीत म्हणून जी पद्धत सांगितली जाते, त्यात साधारण पाच तासांनी गजर लावून उठायचं, 'आता स्वप्न पडलं की मला ते ओळखू येईल' असं मनाशी घोकायचं आणि परत झोपायचं. ऑस्ट्रेलियात डेन्हम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात अशा एकत्रित पद्धतीला आठवडाभरात सुमारे १७ टक्के यश मिळालं. म्हणजे सहा रात्री गजर लावा, तेव्हा एखाद्या रात्री साधेल.

आता तुमचा हिशोब मांडा. रात्री साडेअकराला गल्ला मोजून झोपणार, पहाटे पाचला मालासाठी उठणार. झोप साडेपाच तास. गजर साडेचारला लावला तर पुन्हा झोपायला उरला अर्धा तास! शिवाय रेम झोप जास्त करून रात्रीच्या शेवटच्या भागात येते. म्हणजे पहाटेची झोप कापणारा माणूस आपली स्वप्नं आधीच कापतोय. त्याला स्वप्नांचा कोर्स विकणं म्हणजे भांडवल नसलेल्याला गुंतवणुकीचे सल्ले देणं.

घेण्यासारखं काय?

एक गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे. २०२१ मध्ये पॅरिसमध्ये डेल्फिन उडिएट आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक गणिती कोडं दिलं, त्यात एक छुपी युक्ती होती. मध्ये हातात वस्तू धरून २० मिनिटं विश्रांती घ्यायला सांगितली. जे जागे राहिले त्यांच्यातल्या ३० टक्के लोकांना युक्ती सापडली. जे फक्त डुलकीच्या उंबरठ्यावर, निदान १५ सेकंद, गेले त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना. आणि जे त्याहून खोल झोपेत गेले त्यांच्यातल्या फक्त १४ टक्के लोकांना.

थोडक्यात, आपली वामकुक्षी! 'एक ते चार बंद'वर कितीही विनोद करा, छोट्या डुलकीत दम आहे. फक्त ती तीन तासांची करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. रोज रात्री पाऊण तास लवकर झोपा. गल्ला, मेसेज, उद्याची यादी आधी उरका.
२. अडलेला एक प्रश्न कागदावर लिहा, दुपारी १५-२० मिनिटं डोळे मिटा, उठल्यावर सुचेल ते लगेच लिहा.
३. कोर्ससाठी बाजूला काढलेले पैसे तसेच ठेवा आणि पाच जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. "आमच्याकडे यायचं का थांबवलंत?" एवढंच विचारा.

हौस म्हणून स्वप्नांची वही जरूर ठेवा, मीही ठेवतो. पण त्याच त्या भयानक स्वप्नांनी झोप उडत असेल, तर कोर्स नको, डॉक्टरांकडे जा.

त्या पाच फोनवर काही जण तोंडावर 'नाही' म्हणतील. ऐकून घ्या. ते 'नाही' कुठल्याच स्वप्नात मिळत नाही.