घरी केले म्हणून निरुपद्रवी ठरत नाही

'सायडर' म्हटले की आपल्याकडे आठवते ती वजन घटवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅपल सायडर व्हिनेगरची बाटली. प्रत्यक्षात सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाची दारू. तिच्यातील अल्कोहोलचे जिवाणूंनी हवेच्या सान्निध्यात आम्ल केले की व्हिनेगर तयार होते. घरी सायडर करण्याचे संच परदेशात सर्रास मिळतात. यीस्टची पुडी, वायू बाहेर सोडणारी नळी आणि हायड्रोमीटर एवढे साहित्य आता आपल्याकडेही घरबसल्या मागवता येते. नागपुरात सफरचंदाऐवजी संत्र्याचा रस वापरून पाहण्याचा मोह होणेही साहजिक आहे. 'फळांचाच तर रस, शिवाय घरचा' हा त्यामागचा युक्तिवाद असतो. तो तपासून घेतला पाहिजे.

सर्वांत आधी भीती वाटते ती विषारी दारूची. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले, ते दारूतील मिथेनॉलमुळे. फळांतील पेक्टिनपासूनही मिथेनॉल तयार होते, पण नुसता रस आंबवल्यास त्याचे प्रमाण अत्यल्प राहते. रसाच्या आंबटपणामुळे बहुतेक रोगजंतूही वाढत नाहीत. म्हणजे ज्याची धास्ती वाटते, तो धोका येथे लहान आहे. मोठे धोके वेगळेच आहेत.

पहिला धोका उन्हाळ्याचा. सायडरच्या यीस्टला साधारण १५ ते २४ अंश तापमान मानवते. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उष्णतेत यीस्ट बिघडते, पेयाला उग्र वास येतो, आंबण्याची क्रिया मध्येच अडते आणि साखर शिल्लक राहते. 'बुडबुडे थांबले' म्हणून कोणी तेच पेय बाटलीत बंद केले, तर ही क्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. लिटरभर पेयातील २० ग्रॅम साखर आंबली, तर सुमारे पाच लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. साध्या काचेच्या बाटलीला तो दाब पेलवेलच असे नाही. फुटलेल्या बाटलीची काच डोळ्यांत जाऊ शकते. म्हणून बुडबुड्यांवर विसंबणे चूक आहे. साखर संपली की नाही, हे हायड्रोमीटरच सांगतो.

दुसरा धोका अधिक खोल आहे. रसाची सापेक्ष घनता १.०५० वरून १.००० वर आली, की पेयात सुमारे साडेसहा टक्के अल्कोहोल असते. ३३० मिलिलिटरच्या बाटलीतून जवळपास १७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. ते संत्र्यापासून आले की धान्यापासून, याच्याशी यकृताला देणेघेणे नसते. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नमूद केले होते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. दुकानातून आणलेली बाटली निदान दारू म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते. स्वयंपाकघरातल्या बरणीवर काहीच लिहिलेले नसते. फ्रिजमधले 'संत्र्याचे सरबत' मुलाच्या, गर्भवतीच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या हाती सहज लागू शकते.

तिसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याविना मद्यनिर्मिती करता येत नाही. 'स्वतःपुरते केले' ही सबब येथे चालत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. आपल्याकडे संच मागवणे सोपे आणि त्याचा वापर बेकायदा, अशी विसंगती आहे. तेव्हा विक्रेत्यांनी कायद्याची आणि आरोग्याच्या धोक्यांची सूचना ठळक मराठीत छापलीच पाहिजे.

आंबवण्याच्या शास्त्राचे कुतूहल मात्र चांगलेच आहे. ते भागवायला दही, अंबील, डोशाचे पीठ आणि जिलबी आपल्या घरात आहेतच. तापमान बदलले की काय होते, आंबटपणा किती तासांत वाढतो, हे सारे त्यातही पाहता येते. हा प्रयोग बिघडला तर फार तर पीठ फेकावे लागेल. संत्री मात्र सोलूनच खावीत.