प्रकरण कोणत्या भाषेत लिहावे?

मराठीत 'प्रकरण' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. ग्रंथाचे प्रकरण असते आणि कचेरीतलेही प्रकरण असते. पहिल्याला लेखक असतो. दुसऱ्याचा लेखक कोण, हे आपण सहसा विचारत नाही. बेघर माणसाची हकीकत ऐकून घ्यायची, तिची नोंद ठेवायची, त्याचे औषधपाणी, ओळखपत्र, निवारा आणि शक्य असेल तर घर, या साऱ्याचा पाठपुरावा एकाच कार्यकर्त्याने शेवटपर्यंत करायचा, या कामाला समाजकार्याच्या परिभाषेत 'प्रकरण-व्यवस्थापन' म्हणतात. शब्द रुक्ष आहे. पण ते काम करण्याची पद्धत पाहिली की हा साहित्याच्या अभ्यासकांच्या अंगणातला प्रश्न आहे असे मला वाटते. एका माणसाची कथा दुसरा माणूस तिसऱ्याच भाषेत लिहितो, आणि त्या लेखनावर पहिल्याचे पुढचे आयुष्य ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही नोंद दोन भाषांत व्हायला हवी. केवळ भाषांतर करून मूळ बोलणे फेकून देण्याची रीत अन्यायाची आहे.

उरणचे उदाहरण घेऊ. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि आगरी-कोळी वस्तीच्या या तालुक्यात अनेक प्रांतांची माणसे येऊ लागली. कंटेनर वाहणारे चालक आले, क्लीनर आले, ठेकेदाराने आणलेले मजूर आले. २०२४ च्या जानेवारीत लोकल गाडीही थेट उरणपर्यंत पोहोचली. अशा ठिकाणी एखादा माणूस ठेकेदारापासून, सोबत्यांपासून किंवा स्वतःच्याच मनापासून तुटला, तर तो रस्त्यावर येतो आणि ज्या बोलीत त्याला आपले दुःख सांगता येईल ती बोली जवळपास कोणाला येत असेलच असे नाही. शिवाय उरण महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात, तर पोलीस ठाणे नवी मुंबई आयुक्तालयाचे; म्हणजे त्याचे कागदही दोन दिशांना जाणार.

कायदा याबाबतीत आपल्या व्यवहाराच्या पुष्कळ पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम १०० नुसार मनोरुग्ण असावा अशी शंका असलेला आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा भटका माणूस आढळल्यास पोलिसांनी त्याला कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे असते. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची प्रथम खबर नोंदवून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. याच अधिनियमात संमतीची व्याख्या करताना, उपचाराची माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने दिलेली असली पाहिजे, असे म्हटले आहे. 'समजेल अशा भाषेत' हे तीन शब्द गंभीरपणे घेतले, तर आपल्याकडचे किती केसपेपर टिकतील?

आता केसपेपरवर काय लिहिले जाते ते पाहू. मानसिक स्थितीची तपासणी करताना अमूर्त विचार करण्याची क्षमता अजमावण्यासाठी एखाद्या म्हणीचा अर्थ विचारण्याची जुनी पद्धत आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय, असे समोरच्याला विचारतात. त्याने नाचाविषयी आणि अंगणाविषयीच सांगितले, तर त्याची विचारशक्ती मूर्तातच अडकली आहे, अशी नोंद होऊ शकते. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातली गंमत आणि भीती दोन्ही लगेच कळतील. म्हण ही बुद्धीची कसोटी नसतेच. ती त्या भाषेत लहानाचे मोठे झाल्याची खूण असते. ओडिशाहून आलेल्या मजुराची ही परीक्षा मराठीत किंवा हिंदीत घेणे म्हणजे त्याच्या आजाराऐवजी त्याचे परकेपण मोजणे होय. तीच गोष्ट 'असंबद्ध बोलतो' या शेऱ्याची. संबंध कोणाला लागला नाही, हे त्या वाक्यात लिहिलेले नसते. क्रियापदाचा कर्ता रुग्ण आणि अपुरेपण मात्र ऐकणाऱ्याचे, असे हे विलक्षण वाक्य आहे.

नात्यांचे शब्द तर याहून फसवे. समजा, एखादा माणूस वारंवार 'नान्ना' म्हणतो आहे. मराठी कानाला ते कोण्या वडीलधाऱ्या नानांचे नाव वाटेल. हिंदी जाणणारा 'आईचे वडील' असे लिहून मोकळा होईल. तेलुगूत मात्र नान्ना म्हणजे बाप. शोध कोणाचा घ्यायचा, हे या एका शब्दावर अवलंबून आहे. गावाच्या नावांचेही तेच. 'औरंगाबाद' असे कोणी सांगितले की आपण मराठवाड्याकडे पाहतो (आता तिथल्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले असले तरी). पण बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. बंगाली माणूस ज्या शहराला 'बॉर्धोमान' म्हणेल ते कागदावर बर्धमान आणि बर्दवान अशा दोन रूपांत सापडते. म्हणून नोंद घेणाऱ्याने अर्थ लावण्याआधी उच्चार लिहावा. जसा कानावर पडला तसा, देवनागरीत, अवतरणचिन्हांत. अर्थ मागाहून कोणीही जाणकार लावू शकेल. पण मूळ उच्चार एकदा गेला की गेला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा नियम नवा नाही. संहिता आणि संपादकाची दुरुस्ती वेगवेगळी ठेवा, हेच तर आपण वर्गात सांगतो.

हे अशक्यप्राय आहे असे म्हणणाऱ्यांनी रायगड जिल्ह्यातच कर्जतकडे पाहावे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन स्थापन केले. त्यामागे एक तरुण होता, नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसलेला. उपचारांनंतर कळले की तो आंध्र प्रदेशातला पदवीधर होता. २००६ पासून कर्जतजवळ त्यांचे केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवणे, हे या संस्थेचे काम. करवंटीतून पाणी पिणाऱ्या त्या तरुणाविषयीची पहिली नोंद आपल्यापैकी कोणी केली असती, तर तीत 'पदवीधर' हा शब्द कुठून आला असता? औषधाने मन थाऱ्यावर येते. गाव, बाप, शाळा ही मात्र बोलण्यातूनच बाहेर येतात, आणि ते बोलणे झेलायला त्या भाषेचे कान लागतात.

यावर ठरलेला आक्षेप असा की हिंदी सर्वांना येतेच. खरे तर हिंदी ही बाजाराची भाषा म्हणून येते. भाडे ठरवता येणे आणि रस्त्यावर का आलो ते सांगता येणे, यांत फार अंतर आहे. उरणकरांना हे वेगळे सांगायला नको. 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'ल' करणारी त्यांची आगरी शाळेत अशुद्ध ठरली, आणि सरकारदरबारी लिहिले गेले ते सगळे प्रमाण मराठीत. एकाच भाषेच्या पोटात जर बोलणे आणि लिहिणे यांत एवढी दरी असते, तर भोजपुरी बोलणाऱ्याची हिंदी नोंद पाहून आपण निश्चिंत का व्हावे?

मग दुभाषे आणायचे कुठून? बंदरगावात ते बहुधा शोधावे लागत नाहीत. धाब्यावर, गोदीच्या फाटकावर हवी ती भाषा बोलणारा सापडतो. मला खरी अडचण इथेच दिसते. वाटेतून बोलावून आणलेला दुभाषा त्याच मुलखातला, कधी त्याच जातीतला, कदाचित त्याच ठेकेदाराचा माणूस असतो. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईची हकीकत तिच्याच गावाकडच्या ट्रकचालकाच्या तोंडून भाषांतरित करून घेणे म्हणजे तिचा पत्ता फोडणे. म्हणून दुभाषा हा प्रशिक्षित, गोपनीयतेला बांधलेला आणि मोबदला घेणारा असला पाहिजे. भाषाविभागांतून दरवर्षी अनुवादाचे धडे घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम का सुचवले जात नाही, याचे मला नवल वाटते. आपण त्यांना कादंबऱ्यांचे अनुवाद करायला लावतो. तेही हवेतच. पण प्रसंगी चूक झाली तर कादंबरीची दुसरी आवृत्ती काढता येते.

आणि दुभाषा मिळाल्यावर त्याला पहिला प्रश्न 'तुझे घर कुठे' हा विचारायला सांगू नये. घरवापसी हाच या कथांचा शेवट, असे आपण गृहीत धरतो. तो शेवट आपल्याला आवडतो म्हणून. कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे तोच २०१७ चा कायदा म्हणतो. त्याने समाजात राहावे, असे त्याचे म्हणणे आहे. तेव्हा ज्या बाईला परत जायचे नाही तिने तसे तिच्या भाषेत सांगितले, तर ते वाक्य तिच्याच शब्दांत केसपेपरच्या पहिल्या पानावर असावे, शेजारी मराठी अर्थ असावा, आणि खाली दुभाष्याची सही असावी.