पानांचे वय आणि जंगलाची टक्केवारी

विदर्भातील एखाद्या सागवनाची दोन उपग्रहचित्रे, एक ऑक्टोबरातील व दुसरे एप्रिलमधील, शेजारी शेजारी ठेवली तर अनभिज्ञ माणूस सहा महिन्यांत जंगल तुटले असाच निष्कर्ष काढील. वस्तुतः एकही झाड पडलेले नसते. पडलेली असतात ती पाने. वनाधिकाऱ्यांना ही गोष्ट अर्थातच ठाऊक आहे. म्हणूनच भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादन मोजण्यासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील चित्रे निवडते. तोवर पावसाळी ढग ओसरलेले असतात आणि पानझडी वृक्ष अद्याप उघडे पडलेले नसतात. परंतु झाडावर पान असणे आणि ते पान भर वयात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टक्केवारीवर विसंबून मते बनविणाऱ्यांचे या भेदाकडे क्वचितच लक्ष जाते.

उपग्रहास दिसते ते झाडावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या द्वारे. पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. पानाच्या आतील पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकतात. या दोहोंतील तफावतीवरून वनस्पती-निर्देशांक काढला जातो. कोवळ्या पानात हरितद्रव्य अपुरे असते आणि पोकळ्याही थोड्या. पिंपळाची तांबूस किंवा कोशिंबाची लालभडक पालवी आपणांस कितीही मोहक वाटो, निर्देशांकाच्या हिशेबी ती उणीच ठरते. पान पिकू लागले की आधी हरितद्रव्य उतरते, आतील रचना मात्र काही काळ टिकून राहते. साहजिकच पान देठाला घट्ट धरून असतानाही निर्देशांक घसरू लागलेला असतो. सागाच्या बाबतीत आणखी एक विघ्न आहे. पानांतील हिरवा गर खाऊन त्यांची केवळ जाळी शिल्लक ठेवणारी अळी पावसाळ्यात व त्यानंतर एवढी माजते की, ऐन हिरवाईच्या दिवसांत वनेच्या वने करपल्यासारखी दिसतात.

हा केवळ प्रयोगशाळेतील सूक्ष्म वाद नव्हे. वृक्षच्छत्राची घनता १० ते ४० टक्के असेल तर जंगल विरळ, ४० ते ७० असेल तर मध्यम घनदाट आणि त्यापुढे अतिघनदाट, अशी सरकारी प्रतवारी आहे. चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्यावर उभे असलेले सागवन ऑक्टोबरच्या आरंभी टिपले काय आणि डिसेंबरच्या अखेरीस टिपले काय, त्याची प्रत बदलण्याचा संभव राहतोच. डोंगरउतारावरील उथळ मातीतले झाड आधी झडते, नाल्याकाठचे मागून. अवर्षणाच्या वर्षी सारेच लवकर झडते. जाणकार निरीक्षक हे ओळखतात, जंगलात जाऊन पडताळाही घेतात. तथापि १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी निघणाऱ्या वनस्थिती अहवालांतून वृत्तपत्रे उचलतात ती एकच ओळ, अमुक जिल्ह्यात जंगल एवढे चौरस किलोमीटर वाढले किंवा घटले. चित्रे कोणत्या महिन्यांतील होती, हा तपशील वाटेतच गळून पडतो. मग एका पक्षाला श्रेय हवे असते, दुसऱ्याला आरोप. दोघांनाही तारीख नको असते!

जिल्हावार आकड्याशेजारी चित्राचा दिनांक आणि त्या वर्षीच्या पावसाची स्थिती छापणे फारसे खर्चाचे नाही. एका चित्रावर भिस्त ठेवण्याचे कारणही आता उरलेले नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या जोडीमुळे २०१७ पासून एकाच भूभागाचे चित्र दर पाच दिवसांनी मिळू शकते, तेही विनामूल्य. पावसाळ्यात ढगांचा अडथळा येतो हे खरे. परंतु तो सरल्यावर पान पिकण्यापासून गळण्यापर्यंतचा सारा क्रम त्यांत पाहावयास मिळतो. तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाच्या सीमेवरील, हरितद्रव्यातील फरक टिपणारे पट्टेही या उपग्रहांवर आहेत.

उणीव आहे ती जमिनीवरील नोंदींची. अमुक गावचा साग कोणत्या आठवड्यात पिवळा पडला, पळस कधी निष्पर्ण झाला, मोहाला पालवी कधी आली, हे उपग्रहास कोणीतरी खालून सांगावयास हवे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशातील काही शाळांची मुले ठरलेल्या झाडांची अशी नोंद दर आठवड्यास करतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांना तर त्यासाठी दूर जावयास नको. कित्येक ठिकाणी सागाची पाने वर्गाच्या दाराशीच येऊन पडतात.